पुसलेली वही

आपल्याकडे वकिलाची किंमत त्याच्या जिभेवर ठरते. "काय बोलला!" हे दोन शब्द कोर्टाच्या आवारातून गावात पोचले, की त्या वकिलाच्या ओसरीवर पक्षकारांची रीघ लागलीच म्हणून समजा. नाटकांनी आणि चित्रपटांनी या समजुतीला भरपूर खतपाणी घातले आहे. काळा डगला, उंचावलेले बोट, पिंजऱ्यातल्या साक्षीदाराला फुटलेला घाम आणि शेवटच्या अंकात सत्याचा विजय! मी कादंबऱ्या लिहितो. असले प्रसंग रंगवायला मलाही आवडतात. पण आज, चकली मोडता मोडता हा अंक चाळणाऱ्या वाचकांशी मला थोडे भांडावयाचे आहे. व्यापाराचे सर्वांत मोठे खटले जिभेने जिंकले जात नाहीत. ते डोळ्यांनी जिंकले जातात. दुसऱ्याचे कागद वर्षानुवर्षे चिकाटीने वाचणारा वकील हा त्या खटल्यांचा खरा कर्ता असतो. आणि त्याच्या हाती पडण्याआधीच कागद पुसून टाकण्याची जी नवी विद्या बड्या व्यापाऱ्यांनी साध्य केली आहे, तिला कायद्याने हिशेबाची वही जाळण्याइतकाच मोठा अपराध मानले पाहिजे. एवढेच माझे म्हणणे. ते पटवून देण्यासाठी तुम्हांला जरा दूर, अमेरिकेला घेऊन जातो. पण प्रश्न शेवटी तुमच्या-आमच्या पिशवीतल्या जिनसांचाच आहे.

आधी एक खुलासा. मी शाळामास्तर आहे, आणि माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकशी थांबले. कायद्याचा एकही पेपर मी दिलेला नाही. पण कोर्टाचे निकाल कोणालाही वाचता येतात. त्यांना पदवीचे कुलूप नसते. शिवाय मास्तराला एक गोष्ट वकिलाइतकीच पक्की ठाऊक असते. ती म्हणजे दप्तर. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाची जन्मतारीख एकदा शाईने चढली, की ती मनाला येईल तशी खोडायची हेडमास्तरांचीही छाती होत नाही. हजेरीपत्रकात चूक झाली, तर आडवी रेघ मारायची, शेजारी सही करायची. वर पांढरा रंग फासायचा नाही. मूळचे काय होते ते दिसले पाहिजे. जी शिस्त एक साधा मास्तर पाळतो, ती जगातल्या सर्वांत धनाढ्य कंपन्यांनी का पाळू नये, हा माझा साधा प्रश्न आहे.

आता मूळ विषयाकडे वळतो. अमेरिकेत १८९० साली शर्मन कायदा झाला. व्यापाऱ्यांनी संगनमत करून भाव बांधू नयेत, आणि एकाने बाजार गिळून बाकीच्यांची दारे बंद करू नयेत, हा त्याचा गाभा. याच कायद्याखाली १९११ साली रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचे ३४ तुकडे झाले. पण या कायद्याच्या खटल्यांत एक मोठी गोम असते. घरफोडीत मुद्देमाल सापडतो. इथे मुद्देमाल माणसांच्या मनात असतो. दिवाळीच्या तोंडावर पेठेतल्या सर्व दुकानांत पोह्यांचा भाव एकाच दिवशी चढला, म्हणजे दुकानदारांनी कट केलाच असे होत नाही. पीक कमी आले असेल, वाहतूक महागली असेल. कट केला असे म्हणायचे, तर ते आपसांत बोलले, त्यांनी ठरवले, हे दाखवावे लागते. ते कुठे सापडणार? जाहीर भाषणात नाही, वार्षिक अहवालात नाही. ते सापडते आपसांतल्या चिठ्ठ्याचपाट्यांत.

कादंबरीकार म्हणून हे मला चांगलेच ठाऊक आहे. माणूस सभेत जे बोलतो त्यावरून त्याचा स्वभाव लिहायला बसलात, तर पुठ्ठ्याचा पुतळा तयार होईल. तोच माणूस घाईघाईत आपल्या भागीदाराला काय लिहितो ते पाहा. तिथे तो जिवंत असतो.

म्हणून अमेरिकेच्या न्यायपद्धतीत खटला उभा राहण्यापूर्वी एक लांबलचक पर्व असते. त्याला तिकडे डिस्कव्हरी म्हणतात. आपण कागदांचा शोध म्हणू. वादाशी संबंध असलेले आपल्या घरचे कागद, मग ते आपल्याच अंगावर उलटणारे का असेनात, मागितल्यावर समोरच्या पक्षाच्या हाती द्यावयाचे, असा हा नियम आहे. आपल्या दिवाणी कायद्यातही कागद दाखवण्याची तरतूद आहे. पण तिकडे तो खटल्याचा मुख्य अंकच झाला आहे. पत्रे जोवर कागदावर होती, तोवर वकील गोदामांत बसून खोकी उपसत. पत्रे संगणकात गेल्यावर शोधही संगणकात गेला, आणि ई-डिस्कव्हरी नावाची वकिलीची एक स्वतंत्र शाखाच निघाली. कोणाकोणाच्या संगणकात काय असू शकेल याची यादी करायची, ते पुसू नका अशी लेखी ताकीद द्यायची, त्याच्या नकला काढायच्या, चाळण लावायची आणि मग वाचायचे. हजारो नव्हे, लाखो कागद. यात न्यायाधीशांपुढे उभे राहण्याची पाळी वर्षावर्षात येत नाही.

या जिभेच्या आणि डोळ्यांच्या दोन्ही जगांत वावरलेल्या एका वकिलाची कारकीर्द मी तुमच्यापुढे ठेवतो. डेव्हिड बॉईज त्यांचे नाव. १९४१ साली इलिनॉय राज्यात शिक्षक आईबापांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. शिक्षकांच्या या मुलाला तिसरीत जाईपर्यंत वाचताच येत नव्हते. अक्षरे डोळ्यांपुढे अडखळत. या दोषाला डिस्लेक्सिया म्हणतात. अशा मुलांना आपल्या वर्गांतून "ढ" हे एकाक्षरी प्रशस्तिपत्र मिळते, हे मी सांगायला नको. हा मुलगा पुढे येल विद्यापीठातून वकील झाला. भराभर वाचता येत नसल्यामुळे तो जे वाची ते जपून वाची, आणि वाचलेले विसरत नसे.

तरुणपणी बॉईज आयबीएम या अवाढव्य संगणक कंपनीच्या बचावाच्या फळीत होते. सरकारने आयबीएमवर १९६९ च्या जानेवारीत मक्तेदारीचा खटला भरला, साक्षी १९७५ साली सुरू झाल्या, आणि १९८२ च्या जानेवारीत सरकारने तो खटला स्वतःच मागे घेतला. तेरा वर्षे! कोट्यवधी पानांची उलाढाल झाली आणि हाती आले शून्य. त्या काळातली एक घटना मला फार बोलकी वाटते. कंट्रोल डेटा या प्रतिस्पर्धी कंपनीने आयबीएमवर आपला वेगळा दावा लावला होता. त्यासाठी तिने आयबीएमच्या कागदांची एक सूची संगणकावर तयार केली. कोणता कागद कुठे आणि त्यात काय, हे त्या सूचीवरून कळे. सरकारी वकिलांचीही तिच्यावर भिस्त होती. १९७३ च्या जानेवारीत दोन कंपन्यांत तडजोड झाली, आणि तडजोडीच्या अटीप्रमाणे ती सूची नष्ट करण्यात आली. सरकारी वकील हात चोळीत बसले. कागद होते तिथेच होते. त्यांच्याकडे जाणारी वाट तेवढी पुसली गेली होती. आज ज्या विद्येला मी नावे ठेवतो आहे, तिचा हा पहिला धडा.

मग १९९८ साल उजाडले. आता सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, आणि सरकारच्या बाजूने उभे राहिले तेच बॉईज. नेटस्केप या छोट्या कंपनीचा ब्राउझर लोकप्रिय होत होता. आपल्या विंडोज प्रणालीच्या जोरावर मायक्रोसॉफ्टने त्याची कोंडी केली, असा आरोप होता. त्या वर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये तीन दिवस बिल गेट्स यांची जबानी झाली. कॅमेरा चालू होता. बॉईज यांच्यापुढे गेट्स यांचीच जुनी ईमेल-पत्रे होती. सन ही कंपनी खिळखिळी करण्यासाठी ॲपलकडून काय करवून घ्यायचे, याची आपली योजना पक्की आहे का, अशी विचारणा त्यांतल्या एका पत्रात होती. असे पत्र पाठवल्याचे गेट्स यांना आठवेना. ब्राउझरच्या बाजारातला वाटा जिंकणे आपल्याला अत्यंत महत्त्वाचे आहे, असे त्यांनी १९९६ च्या जानेवारीत लिहिले होते. तेव्हा कोणत्या ब्राउझरची काळजी वाटत होती असे विचारताच, "काळजी" म्हणजे काय, असा उलट प्रश्न आला! जगातला सर्वांत श्रीमंत माणूस एका साध्या शब्दाच्या अर्थासाठी अडून बसला. ही जबानी कोर्टात पडद्यावर दाखवली, तेव्हा न्यायमूर्ती जॅक्सन यांनाही हसू आवरले नाही.

आता सांगा, हे काय जिभेचे यश होते? बॉईज यांनी आवाज चढवला नाही, बोट नाचवले नाही. त्यांनी फक्त एकामागून एक कागद पुढे सरकवले. त्या कागदांच्या मागे, डोळे फोडून ढीग उपसणारी वकिलांची एक पलटण होती; तिच्यातल्या कोणाचे नाव वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत आले नाही. २००० साली कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम झाला. २००१ साली वरच्या कोर्टाने तो हुकूम रद्द केला. पण मायक्रोसॉफ्टने मक्तेदारी टिकवण्यासाठी बेकायदा मार्ग वापरले, हा निष्कर्ष मात्र कायम ठेवला. तो निष्कर्ष त्या पत्रांवर उभा होता.

या खटल्यापासून व्यापारी जगाला दोन धडे घेता आले असते. पहिला धडा, वाईट वागू नये. दुसरा, वाईट वागल्याचे लिहू नये, आणि लिहिले तर ठेवू नये. कोणता धडा लोकप्रिय झाला असेल?

गूगलवरचा खटला पाहा. अमेरिकन सरकारने तो २०२० च्या ऑक्टोबरमध्ये दाखल केला, आणि ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायमूर्ती अमित मेहता यांनी निकाल दिला. हे मेहता आपल्या शेजारच्या गुजरातेतल्या पाटण गावी जन्मले आणि तान्हेपणीच अमेरिकेला गेले. पावणेतीनशेहून अधिक पानांच्या निकालपत्रात त्यांनी म्हटले, की शोधयंत्राच्या बाजारात गूगलने बेकायदा मक्तेदारी टिकवली. पण माझे मन खिळले ते निकालाच्या शेवटाकडच्या काही पानांवर. या कंपनीतले नोकर आपसांत जे झटपट संदेश धाडीत, ते मुळातच २४ तासांत आपोआप पुसले जातील अशी व्यवस्था होती. संदेश राखून ठेवायचा की नाही, हे नोकराने स्वतः ठरवायचे. खटला लागल्यानंतरही हीच रीत चालू राहिली. ती बदलली २०२३ च्या फेब्रुवारीत. इतकेच नव्हे. प्रतिस्पर्ध्याला चिरडणे, मारणे, रोखणे असल्या अर्थाचे शब्द पत्रांत वापरू नका, असे शिक्षण नोकरांना दिले जाई. आणि वकिलाशी झालेले बोलणे गुप्त राहते, हे ठाऊक असल्यामुळे साध्या धंद्याच्या पत्रांतही एखाद्या वकिलाचे नाव घुसडले जाई. कुंपणाच्या आत खरे पीक आहे की नुसतीच कुंपणे आहेत, हे बाहेरच्याला कळू नये म्हणून!

मी मराठीचा मास्तर आहे. शब्द गाळून अर्थ लपवायला शिकवणारी ही कसली शाळा? आमच्या वर्गात मुलगा पाटी पुसतो ती नवे गणित मांडण्यासाठी. इथे पाटी पुसली जात होती ती जुने गणित कोणी तपासू नये म्हणून.

आणि शिक्षा? न्यायमूर्ती मेहतांनी खरमरीत ताशेरे ओढले, पुढच्या खेपेला नशीब असे साथ देईलच असे नाही, असा इशारा दिला, पण या पुसापुशीबद्दल दंड केला नाही. त्यांचे कारण तर्कशुद्ध होते. उरलेल्या पुराव्यावरच कंपनी दोषी ठरत होती. तर्क मला कळतो. समाधान मात्र होत नाही. परीक्षेत उत्तरपत्रिकेची दोन पाने फाडून टाकणाऱ्या मुलाला, "उरलेल्या पानांवरच तू नापास आहेस, तेव्हा फाडल्याबद्दल काही म्हणत नाही," असे सांगितले, तर बाकीचा वर्ग काय शिकेल? तिकडे कॅलिफोर्नियात एपिक या खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या दाव्यात न्यायमूर्ती डोनाटो यांनी ज्यूरीला सांगितले, की पुसलेले संदेश गूगलच्या विरुद्ध जाणारे होते असे तुम्हांला मानता येईल. डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीने गूगलच्या विरुद्ध कौल दिला. माझ्या मते हाच रस्ता खरा.

पण हा रस्ता कायद्यानेच मध्यंतरी अरुंद करून ठेवला आहे. २००३ आणि २००४ साली न्यूयॉर्कच्या न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी, एका नोकरदार बाईने बड्या बँकेवर लावलेल्या दाव्यात, स्पष्ट सांगितले होते, की वाद येणार हे कळताच पुसणे थांबवले पाहिजे, आणि ते थांबले की नाही यावर वकिलानेही लक्ष ठेवले पाहिजे. २००६ साली संगणकातला मजकूर हा शब्दप्रयोग अमेरिकेच्या संघीय दिवाणी नियमांत अधिकृतपणे दाखल झाला. इथवर ठीक. पण २०१५ साली नियम सुधारला, तो असा, की समोरच्याला पुराव्यापासून वंचित ठेवण्याच्या हेतूनेच मजकूर पुसला असे सिद्ध झाले, तरच सर्वांत कडक शिक्षा. म्हणजे वही जाळणाऱ्याने जाळायची, आणि काडी ओढताना त्याच्या मनात काय होते हे, ज्याची वही जळाली त्याने शोधायचे! माझी मागणी याच्या उलट आहे. वाद येणार हे ठाऊक असूनही ज्याने पुसण्याचे यंत्र चालू ठेवले, त्याने आपला हेतू शुद्ध होता हे सिद्ध करावे. नाहीतर पुसलेले सारे त्याच्याविरुद्ध होते असेच धरावे.

यावर आक्षेप येतील, ते मी ऐकून आहे. पहिला आक्षेप सभ्य आहे. माणसाला चार शब्द मोकळेपणाने बोलायला जागा नको का? प्रत्येक उद्गार जतन होणार असेल तर माणसे बोलणेच सोडतील. मला हा आक्षेप मनापासून मान्य आहे, घरापुरता. नवराबायकोचे बोलणे, मित्राशी केलेली कुजबूज, यांत कोणी डोकावू नये. पण कंपनी हे कोणाचे घर नव्हे. कोट्यवधी लोकांनी काय पाहावे आणि काय मोजावे हे जिथे ठरते, ती जागा पेढी आहे. आणि पेढीवर बोललेला सौदा वहीत चढतो, हा आपल्याकडचाही जुना शिरस्ता आहे. नोकराची घरगुती पत्रे वेगळी काढण्याची आणि वकिलाचा खरा सल्ला गुप्त ठेवण्याची सोय डिस्कव्हरीच्या नियमांत आहेच.

दुसरा आक्षेप खर्चाचा. लाखो कागद वाचायला माणसे आणि पैसा आणायचा कुठून? श्रीमंत पक्ष कागदांचा डोंगर टाकून गरीब पक्षाला गाडतो, हे खरेच आहे. १९७८ साली सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीवरच्या मक्तेदारीच्या खटल्यासाठी ६० लाख कागद तपासायला २२ लाख डॉलर लागले होते. पण २०११ च्या जानेवारीत एका कंपनीने १५ लाख कागद यंत्राकरवी एक लाख डॉलरांहून कमी खर्चात तपासून दिले. २०१२ साली न्यूयॉर्कचे न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी, यंत्राला नमुने दाखवून शिकवायचे आणि मग त्याच्याकडून कागद निवडून घ्यायचे, या पद्धतीला कोर्टाची मान्यता दिली. तेव्हा खर्चाची सबब दिवसेंदिवस लंगडी होत चालली आहे.

तिसरा आक्षेप आपल्या घराजवळचा आहे. हे काम म्हणजे सुशिक्षित हमाली, असे म्हणतात. अमेरिकेच्या खटल्यांतले कागद वाचण्याचे काम मुंबईतही येऊन पोचले. पँजिया-थ्री ही कंपनी २००४ साली याच धंद्यासाठी निघाली, आणि २००८ साली अमेरिकन बार असोसिएशनने काही अटींवर असे काम बाहेर देण्यास संमती दिली. मराठी घरांतली मुलेमुली कायद्याची पदवी घेऊन परक्या कंपन्यांची पत्रे वाचीत बसतात, आणि लग्नाच्या बैठकीत, "कोर्टात जात नाही म्हणजे वकील कसला?" असा शेरा ऐकतात. मी त्यांच्या बाजूचा आहे. कोणत्या वाक्यात धमकी आहे, कोणत्या विनोदात कबुली आहे, "ते आपले ठरले आहे ना?" या पाच साध्या शब्दांत केवढा सौदा दडला आहे, हे ओळखायला कान तयार असावा लागतो. यंत्र ही कामे अधिकाधिक करील, करो बापडे. पण एक गोष्ट यंत्रालाही जमणार नाही. ते कितीही शहाणे होवो, पुसलेल्या पानापुढे ते आणि निरक्षर माणूस दोघेही सारखेच.

कोणी विचारील, की तुमचे ते बॉईज तरी धुतल्या तांदळासारखे आहेत का? नाहीत. चित्रपट-निर्माता हार्वी वाइनस्टीन याच्यावरच्या गंभीर आरोपांची बातमी छापून येऊ नये, म्हणून ब्लॅक क्यूब या हेरगिरी करणाऱ्या कंपनीशी झालेल्या करारावर त्यांची सही होती, हे २०१७ साली उजेडात आले. ज्या न्यूयॉर्क टाइम्समधली बातमी थांबवायची होती, ते वर्तमानपत्र त्यांच्याच पेढीचे अशील होते! आपले चुकले असे त्यांनी पुढे जाहीर सांगितले. ज्यांनी दडलेली पत्रे उजेडात आणून नाव मिळवले, त्यांचीच सही एक गोष्ट दडवण्याच्या करारावर पडावी, यात मला नवल वाटत नाही. वकील भाड्याने मिळतो. आज आयबीएमसाठी, उद्या आयबीएमसारख्याच दुसऱ्यावर. म्हणूनच तर मी माणसाच्या चांगुलपणावर विसंबायला तयार नाही. नियम असा हवा, की वकील साधू असो वा संधिसाधू, वही त्याच्यापुढे उघडी पडलीच पाहिजे.

"हे अमेरिकेचे झाले, आमचे काय?" असे म्हणून पान उलटू नका. ज्यांनी गेल्या पंधरावीस वर्षांत घर बांधले, त्यांनी सिमेंटच्या गोणीचा भाव आठवावा. २००२ च्या स्पर्धा कायद्याखाली नेमलेल्या आपल्या स्पर्धा आयोगाने २०१२ च्या जूनमध्ये अकरा सिमेंट कंपन्यांना संगनमताबद्दल सुमारे ६३०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आणि पुरावा कोणता? भाव एकत्र कसे चढले, कारखान्यांची ताकद असून उत्पादन कमी का ठेवले, कंपन्यांच्या संघटनेच्या बैठका केव्हा झाल्या आणि त्यांनंतर भावांचे काय झाले. सारे अनुमान, सारी परिस्थिती. बैठकीतला माणूस घरी येऊन कोणाला काय लिहिता झाला, हे सांगणारे पत्र त्यात नव्हते. २०१५ साली तो हुकूम सुनावणीतल्या एका दोषापायी रद्द झाला, २०१६ साली आयोगाने पुन्हा दंड केला, २०१८ साली अपिलात तो कायम झाला. गोणी विकत घेणाऱ्याचे घर मात्र केव्हाच बांधून झाले होते, आणि त्याचे कर्जाचे हप्ते चालू होते.

लक्ष्मीपूजनाला आपले व्यापारी वहीची पूजा करतात. हळदकुंकू वाहिलेल्या त्या वहीला कंपनी कायद्याचेही संरक्षण आहे. हिशेबाची पुस्तके निदान आठ वर्षे जपली पाहिजेत, असे २०१३ चा कायदा सांगतो. मग भाव ज्या बोलण्यात ठरला, ते बोलणे २४ तासांत पुसायची मुभा कशी? आकडा जपायचा आणि आकड्याची जन्मकथा जाळायची, हा कोणता धर्म?

कागद जाळण्याचा इतिहास आपल्या मातीतही आहे, पण तो उलटा आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यांना वाचता येत नव्हते. रोख्यात काय लिहिले आहे ते सावकार सांगेल तेच खरे होते. कागद हे बळ होते आणि ते एकाच बाजूच्या पेटीत होते. त्या दंग्यांची चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने इतर गोष्टींबरोबर एक शहाणपणाची गोष्ट केली. रोखा गावच्या निबंधकापुढे झाला पाहिजे, आणि कुळाला पावती व हिशेबाचा उतारा मिळाला पाहिजे, असे ठरवले. म्हणजे वही जाळू नका. तिची नक्कल दुसऱ्या बाजूच्याही हाती द्या.

आजची कुळे आपण आहोत. आपण काय शोधतो, काय विकत घेतो, कोणत्या रस्त्याने जातो, याची बारीकसारीक नोंद या कंपन्या वर्षानुवर्षे जपून ठेवतात. आमच्या वहीतले एक पान त्या पुसत नाहीत. पुसतात ते स्वतःच्या. आमचे जपायला जागा आहे, आणि त्यांचे जपायला नाही? अमेरिकेने आपला २०१५ चा नियम फिरवावा, आणि आपल्या संसदेनेही स्पर्धा कायद्यात एक सरळ कलम घालावे: चौकशीची चाहूल लागल्यावर ज्याचे संदेश पुसले जातील, त्याच्याविरुद्धच ते होते असे गृहीत धरले जाईल. ही मागणी करायला वकील असावे लागत नाही. ज्याच्या हातात पिशवी आहे आणि पिशवीतल्या जिनसेचा भाव कोणी ठरवला हे विचारण्याचा ज्याला हक्क आहे, त्या प्रत्येकाने ती करावी. पावती मागणे हा काही उद्धटपणा नव्हे.